विल्यम्स आधी का मरतो?

('एंटर द ड्रॅगन' पुन्हा पाहताना)

गेल्या पावसाळ्यात ढाणकीतील आमच्या वस्तीच्या विहारात एक वाद उभा राहिला. कॉलेजात जाणाऱ्या काही मुलामुलींनी मागणी केली की, विहाराच्या आवारात संध्याकाळी कराटेचा वर्ग सुरू करावा. शिकवणारा मुलगा वस्तीतलाच. फी घेणार नव्हता. मागणी मुख्यतः मुलींची होती. उमरखेडला, पुसदला शिकायला जाणाऱ्या या मुली गाडीची वाट पाहत फाट्यावर उभ्या राहतात तेव्हा त्यांना काय काय ऐकून घ्यावे लागते, ते मी येथे लिहीत नाही. वाचकांना ते ठाऊक आहे. जुन्या मंडळींचे म्हणणे असे की, विहार ही वंदनेची आणि अभ्यासाची जागा आहे. एक आजी म्हणाल्या, "बाप्पा, बुद्धाच्या म्होरं लाथाबुक्क्या शिकवाच्या का?" एका निवृत्त सहकाऱ्याने प्रश्न अधिक नेमका केला : "जागा एकच हाय. अभ्यासिका करता का आखाडा, ते ठरवा." मी मास्तरकीत आयुष्य काढलेला माणूस. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, मला आठ दिवस द्या.

त्या आठ दिवसांत मी ग्रंथ तर चाळलेच, पण त्याआधी एक सिनेमा पाहिला. शिकवणाऱ्या मुलाच्या मोबाइलवर ब्रूस लीचा फोटो होता. तो पाहून मला माझे तरुणपण आठवले. 'एंटर द ड्रॅगन' मी पहिल्यांदा पाहिला तो १९८४च्या सुमारास, एका पत्र्याच्या शेडमध्ये, भाड्याने आणलेल्या व्हिडिओवर. खाली पोती अंथरलेली, वर एक पंखा, आणि आम्ही चाळीस-पन्नास पोरे. संवाद इंग्रजीत. ते आमच्यापैकी कोणालाच कळत नव्हते. तरीही सिनेमा आम्हाला कळला होता, अशी माझी चाळीस वर्षे समजूत होती. या वेळी मी तो संवाद समजून घेत, थांबवत, मागे नेत पाहिला. सोबत माझी नात होती. अर्ध्यावर तिने विचारले, "आबा, तो काळा माणूस मेलाच का? आता परत नाही येणार?" या प्रश्नाने माझी जुनी समजूत मोडली. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

आधी सिनेमाविषयी. रॉबर्ट क्लाउझने दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९७३ साली आला. हॉलिवूडच्या वॉर्नर ब्रदर्सने हाँगकाँगच्या निर्मात्यांसोबत केलेली ही निर्मिती. चित्रपट पडद्यावर येण्याआधीच, २० जुलै १९७३ रोजी, ब्रूस ली हाँगकाँगमध्ये वारला. तेव्हा तो अवघा बत्तीस वर्षांचा होता. कथा साधी आहे. हान नावाचा एक धनाढ्य गुन्हेगार स्वतःच्या बेटावर लढवय्यांची स्पर्धा भरवतो. त्या आडून अफूचा आणि बायकांचा व्यापार चालतो. स्पर्धेला तिघे येतात. पहिला ली, शाओलिन मठात शिकलेला; दुसरा रोपर, म्हणजे जॉन सॅक्सन, जुगाराच्या कर्जात बुडालेला गोरा अमेरिकन; तिसरा विल्यम्स, म्हणजे जिम केली, काळा अमेरिकन. रोपर आणि विल्यम्स जुने मित्र आहेत. म्हणजे एक पिवळा, एक गोरा, एक काळा असे तीन नायक. जाहिरातीच्या भाषेत हा सर्वांचा सिनेमा. तिन्ही रंगांच्या प्रेक्षकांना आपापला माणूस पडद्यावर सापडावा, अशी ही मांडणी आहे.

पण अनेक नायकांच्या सिनेमात एक प्रश्न नेहमी विचारावा असे मला आता वाटते. लढाई सगळ्यांच्या वाट्याला येते. मरण कोणाच्या वाट्याला येते, आणि कितव्या क्रमांकाने? गावजेवणात सगळेच जेवतात. पंगत कोणाची आधी आणि कोणाची नंतर, यावरून गाव कळते. सिनेमाचेही तसेच आहे. फक्त येथे खालचा माणूस पहिल्या पंगतीला बसवतात, कारण पंगत मरणाची असते.

तिघांची ओळख सिनेमा कशी करून देतो ते पाहा. लीला ब्रिटिशांच्या गुप्तचर खात्याचा माणूस येऊन विनंती करतो. रोपरच्या मागे सावकाराचे गुंड लागलेले असतात. विल्यम्स मात्र काहीच न करता संकटात सापडतो. लॉस एंजेलिसमध्ये तो आपल्या काळ्या सोबत्यांच्या कराटेशाळेचा निरोप घेऊन निघतो आणि रस्त्यात दोन गोरे पोलीस त्याला अडवतात. कारण? कारण काही नाही. तो काळा आहे, आणि रात्री रस्त्याने चालला आहे. तो दोघांना लोळवतो आणि त्यांचीच गाडी घेऊन निघून जातो. पत्र्याच्या शेडमध्ये सगळ्यात मोठी शिट्टी या प्रसंगाला पडली होती. आमच्यापैकी कोणी अमेरिका पाहिली नव्हती, इंग्रजी कळत नव्हते. पण 'कुठून आला, कुठे चालला, पिशवीत काय आहे' हा प्रश्न समजायला भाषा लागत नाही.

पुढे हाँगकाँगच्या बंदरात होडीतून जाताना विल्यम्स पाण्यावर राहणारी गरिबांची वस्ती पाहतो आणि म्हणतो की, गरिबांच्या वस्त्या जगात कुठेही सारख्याच. हा संवाद मला १९८४ साली कळला नव्हता. संपूर्ण सिनेमात भोवतालच्या गरिबीकडे पाहून तिचे नाव घेणारा हा एकटाच माणूस आहे. लीला आपल्या बहिणीचा सूड घ्यायचा आहे, रोपरला पैसा हवा आहे. विल्यम्सला वस्ती दिसते.

हे पात्र आकाशातून पडलेले नाही. १९६६च्या ऑक्टोबरात ओकलंडमध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष स्थापन केला, तो पोलिसांच्या जुलमापासून वस्तीचे रक्षण करण्याच्या गरजेतून. त्याच नावाची प्रेरणा घेऊन १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या सोबत्यांनी दलित पँथर उभी केली. म्हणजे विल्यम्स पडद्यावर आला तेव्हा त्याचे नातेवाईक मुंबईच्या चाळींत आधीच उभे होते. १९७४च्या जानेवारीत वरळीत दंगल पेटली आणि भागवत जाधव मारला गेला. १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर मराठवाडा पेटला. आमच्या ढाणकीपासून पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा लागतो, तेथे पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. पलीकडच्या सोयऱ्याधायऱ्यांच्या बातम्या आमच्याकडे येत होत्या. त्यानंतर पाच-सहा वर्षांनी आम्ही पोती अंथरून हा सिनेमा पाहत होतो. म्हणून 'तो तर करमणुकीचा सिनेमा, त्यात एवढे काय शोधायचे?' असे जे म्हणतील त्यांना माझे सांगणे आहे की, करमणूक कोणाच्या मरणावर उभी आहे हे पाहणे समीक्षेचेच काम आहे.

आता बेटावर येऊ. हान पाहुण्यांच्या सरबराईसाठी रात्री त्यांच्या खोल्यांवर बायका पाठवतो, ताटात फळे पाठवावी तशा. ली त्यातून आपल्या ओळखीची, आधीच बेटावर पेरलेली हेर मे लिंग हिलाच मागून घेतो, कामाची माहिती मिळावी म्हणून. रोपर त्या बायकांना घेऊन आलेल्या बाईलाच निवडतो, ऐटीत. विल्यम्स एकीवर थांबत नाही, अनेकींना ठेवून घेतो. प्रेक्षक हसतो. या हसण्यात काय दडले आहे? एकाकडे संयम, दुसऱ्याकडे अभिरुची आणि काळ्याकडे भूक, अशी ही वाटणी आहे. वस्ती पाहणारा माणूस दिग्दर्शकाला झेपत नाही, म्हणून तो त्याला पलंगावर नेऊन बसवतो. आपल्याकडच्या कथा-कादंबऱ्यांतला, सिनेमांतला रांगडा, दारुडा, बेफिकीर 'खालचा' माणूस आठवा. घडण तीच आहे. आणि ज्या बायका वाटल्या गेल्या त्यांना तर नावेही नाहीत.

स्पर्धेच्या मैदानात विल्यम्स आपली लढत जिंकतो. मैदानाचा नियम सर्वांना सारखा असतो. तेथे कूळ विचारत नाहीत. महाभारतात मैदानातच कर्णाला कूळ विचारले गेले. हानचे बेट त्यापेक्षा आधुनिक आहे. येथे मैदान खुले आहे. कूळ विचारतात ते आतल्या खोलीत. रात्री कोणीतरी पहारेकऱ्यांना मारलेले असते. ते काम लीचे असते. त्या रात्री विल्यम्सही मोकळ्या हवेसाठी बाहेर गेलेला. हान त्याला एकट्याला आपल्या खोलीत बोलावतो, आरोप ठेवतो आणि दुसऱ्याचे नाव मागतो. विल्यम्स नाव देत नाही. तेथे फिर्यादी हान, साक्षीदार हान, न्यायाधीश हान आणि शिक्षा देणारा हात हानचाच, तोही लोखंडी. विल्यम्सला ठार करून त्याचे प्रेत साखळीने टांगतात आणि रोपरला दाखवतात. पाहा, नाही म्हणणाऱ्याचे काय होते!

माझ्या नातीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर येथे आहे. विल्यम्स मैदानात हरलेला नाही. तो बंद खोलीत मेला. त्याची लाथ कमी पडली नाही. त्याच्या पाठीशी कोणी नव्हते. लीच्या पाठीशी सरकार आहे, मठ आहे. रोपरला आपल्या धंद्यात ओढायची हानला इच्छा आहे, म्हणून त्याला विचारायला वेळ आहे. विल्यम्सचा उपयोग एवढाच उरतो की, त्याच्या प्रेताकडे पाहून गोऱ्या मित्राची सदसद्विवेकबुद्धी जागी व्हावी. ती जागी होते, हेही खरे. पण एकाच्या जागृतीसाठी दुसऱ्याने टांगले जावे, हा हिशेब मला मान्य नाही.

येथे ब्रूस लीवर अन्याय होऊ नये. तोही या बाजारात खालूनच आला होता. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या या माणसाला १९६६ साली 'द ग्रीन हॉर्नेट' या मालिकेत काम मिळाले ते गोऱ्या नायकाच्या गाडीचालक-नोकराचे. १९७२ साली 'कुंग फू' नावाची मालिका आली, तेव्हा तिच्यातल्या अर्ध्या चिनी नायकाचे काम डेव्हिड कॅराडीन या गोऱ्या नटाला मिळाले. अशा माणसाने वर्षभरात हॉलिवूडच्या चित्रपटाचा नायक व्हावे, हा विजयच आहे. पण एकाला शिडीवर घेताना व्यवस्था दुसऱ्याला शिडीवरून उतरवते, हेही त्याच चित्रपटात दिसते. आपल्या राजकारणात हे आपण काही कमी पाहिलेले नाही.

याहून वेगळे करता येते का? येते. अकिरा कुरोसावाचा 'सेव्हन सामुराय' हा १९५४चा चित्रपट. गावच्या शेतकऱ्यांना लुटारूंपासून वाचवायला सात लढवय्ये येतात. त्यांतला किकुचियो खरा सामुराय नाहीच. तो शेतकऱ्याचा पोर. दुसऱ्या कोणाची तरी वंशावळ दाखवून तो कूळ सांगू पाहतो आणि हसे करून घेतो. पण कुरोसावा त्याला तोंड देतो. शेतकरी लबाड आहेत, धान्य लपवतात, हे तो संतापून सांगतो आणि तेथेच सामुरायांना विचारतो की, त्यांना असे केले कोणी? तुम्हीच! भोवतीचे सामुराय मान खाली घालतात. किकुचियोही मरतो. सातांपैकी जे चौघे मरतात ते सगळे बंदुकीच्या गोळीनेच. तलवारीला तलवारीने कोणी हरवत नाही. पण किकुचियो कोणाच्या धड्यासाठी मरत नाही. लुटारूंच्या म्होरक्याला मारून मगच तो पडतो. मरण दोघांनाही आहे. फरक एवढाच की, एकाला मरण्याआधी बोलायला मिळाले आणि दुसऱ्याला फक्त विनोद करायला मिळाले.

आपल्याकडेही हा प्रश्न आहेच. १६६०च्या जुलैत पन्हाळ्याच्या वेढ्यातून शिवाजी महाराज निसटले, त्या रात्री महाराजांचा वेष घेऊन शत्रूच्या हाती गेला तो शिवा काशिद. तो नाभिक समाजातला. घोडखिंडीत बाजीप्रभू आणि बांदलांचे मावळे लढले त्याआधी हा गेलेला होता. दिग्पाल लांजेकरांचा 'पावनखिंड' २०२२ साली आला. तोही अनेक वीरांचा सिनेमा. तो पाहताना मला माझी शाळा आठवली. बाजीप्रभू आम्ही दहा वेळा ऐकला. शिवा काशिद एकदा. त्याच्या बलिदानाला कोणी उणेपणा देऊ शकत नाही. प्रश्न आमच्या ऐकण्याचा आहे.

आता या चित्रपटातली जी गोष्ट मी १९८४ साली पाहूनही पाहिली नव्हती, ती सांगतो. आरसेमहालातली ली आणि हानची झुंज सर्वांना आठवते. तिच्या आधी काय घडते? हानच्या तळघरात अनेक माणसे कोंडलेली असतात. बंदरावरून उचललेली, दारू-अफूने मोडलेली. त्या कोठड्यांची दारे उघडली जातात. ती उघडते मे लिंग, तीच जी ताटातल्या फळांसारखी पाठवली गेली होती. काळ्या कपड्यांतली ही बिननावाची माणसे वर येतात आणि हानच्या पांढऱ्या पोशाखातल्या शिष्यांवर तुटून पडतात. त्यांना कोणी कराटे शिकवलेले नाही. लीने एकट्याने हानला मारले असते आणि ही दारे बंदच राहिली असती, तर बेट दुसऱ्या हानचे झाले असते. सरकारची हेलिकॉप्टर्स येतात ती सगळे आटोपल्यावर. बेट मुक्त केले ते एका बाईने आणि तळघरातल्यांनी. कॅमेरा मात्र आरशांकडे निघून जातो. आम्हीही त्याच्या मागे गेलो.

एवढे पाहून मी आमच्या वादाकडे वळलो. आजींची शंका मला हलकी वाटत नाही. बुद्धासमोर लाथाबुक्क्या? बोधिधर्माने भारतातून चीनला युद्धकला नेली, ही कथा आपल्याला सुखावते. पण अभ्यासक ती इतिहास म्हणून स्वीकारत नाहीत, म्हणून मी तिचा आधार घेणार नाही. शाओलिनच्या भिक्षूंनी इ. स. ६२१ मध्ये तांग घराण्याच्या ली शिमिनला लढाईत साहाय्य केले, हे मात्र त्या मठातील इ. स. ७२८च्या शिलालेखाने सिद्ध आहे. पण आपल्याला चीनपर्यंत जाण्याचीही गरज नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे, आणि अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे, असे मांडले आहे. फाट्यावर अंगाला हात लावणाऱ्याचा हात झटकून टाकणारी मुलगी कोणाला मारण्याची इच्छा धरत नाही.

आणि 'अभ्यासिका का आखाडा' हा प्रश्नच आपल्याला दुसऱ्यांनी घालून दिलेला आहे. १९३६ साली 'जातिभेद निर्मूलना'त बाबासाहेबांनी विचारले की, या देशात खालच्यांनी बंड का केले नाही? त्यांचे उत्तर असे की, चातुर्वर्ण्याने त्यांच्याकडून शस्त्र काढून घेतले आणि विद्याही काढून घेतली. दोन्ही एकाच हाताने, एकाच वेळी काढून घेतलेल्या गोष्टी आहेत. मग परत घेताना एकच निवडा असे आपण आपल्या मुलींना का सांगावे? जोतीराव फुले पुण्यात लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत दांडपट्टा शिकले आणि त्यांनीच मुलींची शाळा काढली. लहुजी मातंग, त्यांच्या तालमीत जोतीरावांना शाळा आणि आखाडा यांत विरोध दिसला नाही. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी महारांची लष्करभरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज-विनंत्या केल्या. अर्ज लिहायला विद्या लागली आणि मागणी शस्त्राची होती.

पण विल्यम्सचा धडा याच्याही पुढचा आहे. कराटे येणारा माणूस बंद खोलीत मेला. म्हणून नुसते कराटे शिकवून भागणार नाही. मुलीने फाट्यावर हात झटकला, तर दुसऱ्या दिवशी तिच्याच बापाला कोणत्या तरी खोलीत बोलावले जाईल. 'पोरगी फार माजली' असे म्हटले जाईल, उलट तक्रार होईल. तेव्हा त्या खोलीत एकट्याने जायचे नाही, हे शिकवावे लागेल. फिर्याद कशी लिहितात, तिची प्रत मागून घ्यायची असते, पंचनाम्यावर वाचल्याशिवाय सही करायची नसते, १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा काय सांगतो, हे त्याच विहारात, त्याच संध्याकाळी शिकवावे लागेल. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त जब्या शेवटी दगड भिरकावतो. २०१४ साली तो दगड आपल्या सगळ्यांच्या छातीत बसला. पण जब्या एकटा होता, विल्यम्सही एकटा होता. दगड आणि लाथ यांची किंमत मी कमी करत नाही. त्यांच्या शेजारी कोण उभे आहे, एवढेच विचारतो.

आठव्या दिवशी मी विहारात हेच सांगितले. वर्ग व्हावा, आठवड्यातून चार दिवस कराटे, दोन दिवस अभ्यासिकेत कायदा आणि वाचन, जो वाचनाला येणार नाही त्याला कराटेही नाही. मुलांच्या बरोबरीने मुली शिकतील, आणि पहिली रांग मुलींची. थोडी बाचाबाची झाली. निवृत्त सहकारी शेवटपर्यंत विरोधात राहिले. त्यांचे म्हणणे, पोरे लाथ शिकतील आणि पुस्तक सोडतील. ही भीती खोटी नाही आणि तिचे उत्तर माझ्याकडे नाही. ते वर्गालाच द्यावे लागेल. आजींनी विचारले, "मंग बुद्धवंदना कवा होईन?" शिकवणाऱ्या मुलाने सांगितले, आधी वंदना, मग वर्ग. त्या म्हणाल्या, "मंग हरकत नाही."

ताडपत्री अंथरून वर्ग सुरू झाला आहे. माझी नातही जाते. विल्यम्स आधी का मरतो, याचे पूर्ण उत्तर मी तिला अजून दिलेले नाही. हा लेख तिला वाचायला देणार आहे. इतर गावांतील कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी असा वर्ग चालवून पाहिला असेल आणि त्यांचा अनुभव वेगळा असेल, तर त्यांनी तो याच पानांवर मांडावा. मला तो वाचायचा आहे.